कुंडीसकट पुरलेली झाडं

प्रिय टकळे,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. तिसरीत शाळा सुटलेल्या बाईचं पत्र आहे, तेव्हा कॉलेजातली लाल शाई घेऊन बसू नकोस. माझा गुडघा जिवंत आहे आणि उठताबसता तसं कळवतो. नर्सरीत यंदा गुलाबांवर कीड पडली. मालकाचं तोंड त्या गुलाबांहून वाईट दिसतंय.

मागच्या खेपेला तू मागच्या पायरीवर बसून सगळं ओकलीस. तुमच्या कॉलेजला हिरवं कॉलेज म्हणून मान मिळायचा होता, त्यासाठी बाहेरची माणसं तपासणीला येणार होती. तू पर्यावरण शिकवतेस, म्हणून झाडं मोजून अहवालावर सही करायचं काम तुझ्या गळ्यात. तू बापडी उन्हात फिरून मोजलीस, एकसष्ट भरली. अहवालात आधीच पाचशे छापलेली. प्राचार्य म्हणाले, बाकीची गुरुवारी ट्रकने येतायत, तेव्हा परत मोजा, आणि तुमच्या कायम नेमणुकीचा कागद माझ्याच टेबलावर आहे हेही ध्यानात असू द्या. तीन वर्षं तू दर वर्षी नव्याने कामावर लागतेस, मला का ते दिसत नव्हतं? मी म्हटलं, सही कर आणि मोकळी हो, झाडांना कुठे वाचता येतं. तू म्हणालीस, आजी, सकाळी वर्गात मी मुलांना काय शिकवते ठाऊक आहे ना? मी म्हटलं, शिकव की, कोण नको म्हणतंय, सकाळी शिकव आणि दुपारी सही कर. तू अर्धा चहा टाकून उठलीस. त्यानंतर दोन महिने तुझा फोन नाही.

तेव्हा एक गोष्ट मी गिळली होती. तो ट्रक आमच्याच नर्सरीतून जायचा होता. सात वर्षं मीच भरतेय तो. तपासणी आली की कॉलेजं आमच्याकडून झाडं भाड्याने नेतात. तिथे जाऊन लावायचं कामही आम्हा बायांचंच. कुंडी गळ्यापर्यंत पुरायची, वर माती ओढायची, मातीवर वाळका पाला पसरायचा. पाल्याची अक्कल माझी. त्याने झाड वर्षभर तिथेच उभं असल्यासारखं वाटतं. पाहुणे गेले की तिसऱ्या दिवशी सगळं उपटून परत. एक वाकडं रोप आहे, त्याने तुमच्या प्राचार्यांपेक्षा जास्त कॉलेजं पाहिलीत. पाल्याच्या युक्तीवर मालक शाब्बास म्हणाला होता, तर मी चार दिवस फुगून फिरत होते.

आणि तू सही केलीस, पण आकडा एकसष्टच लिहिलास. तुझी आई फोनवर रडली. आता हिला काढणार म्हणाली. प्राचार्यांनी उलटा बोभाटा केला, की पाचशे लावलेली, बाईंना धड मोजता येत नाही, बाकीची मागाहून वाळली. विद्यापीठाची चौकशी बसली. तुझ्याकडे नुसता आकडा, आणि समोर त्यांचे फोटो, त्यात आमचा पाला.

मग गेल्या आठवड्यात तुझी आई पिशवीत एक कुंडी घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, तपासणीच्या दिवसांत तुझ्या वर्गातल्या मुलीने एक झाड ओढून पाहिलं, तर ते कुंडीसकट वर आलं, आणि ती कुंडी तू घरी आणून माळ्यावर लपवलीस. काठाखाली निळ्या रंगाच्या दोन रेघा, आमच्या नर्सरीची खूण. शाळेच्या सुट्टीत माझ्याशेजारी बसून तूच मारायचीस त्या, नाकाला रंग लावून. म्हणजे बघताक्षणी तुला कळलं होतं की हे कोणाचे हात. तुला वाचवणारी तेवढी एकच वस्तू होती, आणि ती तू माळ्यावर टाकलीस, आजीचं काम जाऊ नये म्हणून. राग आला मला. रागच म्हणते मी त्याला.

परवा ती कुंडी घेऊन मी त्या चौकशीच्या खोलीत गेले. मधल्या खुर्चीतल्या बाईंनी विचारलं, आजी, तुम्हाला कोणी पाठवलं? म्हटलं, गुडघ्याने तर नक्कीच नाही. मग कुंडी टेबलावर ठेवली आणि सात वर्षांचं सगळं सांगितलं, पाल्यासकट. त्यांनी लिहून घेतलं आणि मी खाली सही केली, वाचून. बाई म्हणाल्या, तुमच्या नातीचा आकडा आम्ही मान्य करतो, आणि तिची नेमणूक आता प्राचार्यांच्या हातात राहणार नाही. तसा कागद तुला येईल. मालकाने काल सकाळी मला उद्यापासून येऊ नका सांगितलं आणि दुपारी गुलाबांसाठी परत बोलावलं. मी म्हटलं, येते, पण ट्रक भरणार नाही. छातीवरची शिळा उतरली गं, दोन दिवस भूक लागतेय. हे सगळं तुला आईकडून कळलंच असतं, त्यासाठी मी कागद खराब केला नसता. पत्र एवढ्यासाठी, की त्या दिवशी पायरीवर मी तुला जे सांगितलं ते चुकीचं होतं, आणि हे मला तोंडाने बोलायला जमणार नाही. रविवारी ये. विषय काढलास तर परत पाठवीन.

तुझीच,
आजी