ठमीच्या आजारपणाविषयी, विहीणबाईंना

विहीणबाईंना या घरातून आदरपूर्वक नमस्कार.

तुमच्या पायाचं प्लास्टर निघायला अजून वेळ आहे, असं चिरंजीवांकडून कळलं. (चिरंजीव म्हणजे तुमचे जावई. सध्या मी त्याला नावाने हाक मारत नाही. कारण पुढे येईल.) घाई करू नका. लेक सेवेला आहे तोवर स्वस्थ पडून राहा. ती इथे नाही म्हणून आमचं काही अडलेलं नाही, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं.

लेकीबरोबर कोणी भांडी धाडतं, कोणी कपाट धाडतं. तुम्ही दोन ठेंगण्या शेळ्या धाडल्यात. मी तेव्हा काही बोलले नाही आणि आताही बोलत नाही. परसात माझ्या कोंबड्या आधीपासून होत्या, एवढंच लक्षात आणून देते. सूनबाईचं म्हणणं पडलं की दोन्ही जाती गुण्यागोविंदाने नांदतील. नांदतात म्हणा. शेळी बसली की कोंबडी तिच्या पाठीवर चढते, आणि कोंबडी खुराड्यात शिरली की शेळी खुराड्याच्या पत्र्यावर चढते. कोंबड्या पाण्यात घाण करतात. मग शेळ्या त्या पाण्याला तोंड लावत नाहीत आणि स्वयंपाकघराच्या दारात पुढचे पाय रोवून माझ्या नावाने ओरडतात. माझ्या सासूबाई कडक होत्या, पण त्याही माझ्यावर असा आवाज चढवत नसत.

निघताना सूनबाईने एकच गोष्ट बजावली होती. म्हणाली, "आई, कोंबड्यांचं खाद्य शेळ्यांच्या तोंडी लागू देऊ नका. त्यांचं पोट फुगतं, आणि मग त्या हाती लागत नाहीत." म्हणून खाद्याच्या पिंपाला कडी करून घेतली होती. परवा कामावर जाण्याच्या गडबडीत चिरंजीवांनी कोंबड्यांना दाणे टाकले आणि कडी तशीच सोडून दिली. "मला वाटलं तू लावशील," असं नंतर सांगितलं. (म्हणून चिरंजीव.)

दुपारी मी कपडे वाळत घालायला परसात गेले, तर पिंप आडवं आणि ठमी भिंतीला टेकून उभी. ठमी म्हणजे दोघींतली थोरली, पांढरी, सूनबाईची पाठ न सोडणारी. डावी कूस ढोलासारखी ताणलेली, मान खाली, दात करकर वाजत होते. भोवती कोंबड्या गोळा होऊन बघत होत्या, रस्त्यावर काही झालं की माणसं बघतात तशा.

गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "आजी, मी लांब आहे, पण निघतोच. तोवर गोड्या तेलात खाण्याचा सोडा कालवून थोडा थोडा पाजा. पुढचे पाय पायरीवर ठेवा आणि डावी कूस चोळत राहा. बसू मात्र देऊ नका." सांगायला काय जातंय! ठमी मला जवळ फिरकू देईना. आजवर मी तिच्याशी "हट्" याखेरीज एक शब्द बोलले नव्हते, आणि ते तिने बरोबर ध्यानात ठेवलं होतं. हाक ऐकून शेजारचे शिंपी धावत आले, त्यांना तिने तशा अवस्थेतही ढुशी मारली.

मग मी जे केलं ते फक्त तुम्हाला सांगते. सूनबाईचा परसातल्या कामाचा जुना गाऊन खुंटीवर होता. (असला गाऊन या घरात कोणी घालू नये, असं माझं मत आहे आणि ते सर्वांना ठाऊक आहे.) तो मी साडीवरूनच अंगात घातला. सूनबाई तिला बोलवायला शीळ घालते, तीही घालून पाहिली. मला शीळ येत नाही, नुसती फुंकर निघाली. पण ठमी आली. गाऊन हुंगला, आणि माझ्या मांडीवर डोकं टेकून गप्प उभी राहिली. शेळीचं डोकं इतकं जड असतं, हे मला माहीत नव्हतं.

दिवेलागणीपर्यंत मी कूस चोळत होते आणि शिंपी पायरीवर तिचे पाय धरून होते. मध्येच तिने डोळे फिरवले, तेव्हा माझ्या तोंडून काय काय निघालं ते सगळं लिहीत नाही. "तू गेलीस तर मी तिला काय तोंड दाखवू गं," असं काहीसं होतं. शिंप्यांनी ऐकलं, पण ते ऐकलं नाही म्हणतात. भला माणूस. अखेर ठमीने असा ढेकर दिला की खुराड्यातला कोंबडा दचकून आरवला. मी तिथेच मातीत बसले. डॉक्टरांनी येऊन तिला तपासलं, सुई टोचली, "आता भीती नाही" म्हणाले आणि माझ्याकडे बघून, "आजी, गाऊन शोभतो हं."

तात्पर्य, शेळ्या आणि कोंबड्या एका परसात ठेवू नयेत, यावर मी ठाम आहे. तुम्ही हिंडूफिरू लागलात की दोघींना त्यांच्या माहेरी, म्हणजे तुमच्याकडे, पोचवण्याची व्यवस्था करावी, असं सुचवते. औषधं वेळेवर घ्या.

तुमची,
विहीण

ता. क. : यातलं अक्षरही सूनबाईला कळू देऊ नका. फोनवर बोलले असते तर माझ्या आवाजावरूनच तिने ताडलं असतं, आणि तुम्हाला तशा पायाने सोडून मिळेल त्या गाडीने इकडे आली असती.

पुन्हा ता. क. : सूनबाई, तुझ्या आईला मोतीबिंदूमुळे अक्षर लागत नाही आणि पत्रं तूच वाचून दाखवतेस, हे मला ठाऊक आहे. ठमी अगदी बरी आहे. आज सकाळी माझा टॉवेल चघळला. तेव्हा धावत येऊ नकोस. आईला नीट उभं राहू दे आणि मग त्यांना घेऊनच ये. त्यांनी तिथे एकटीने काय करायचं? त्यांना विचारत बसू नकोस, त्या नाही म्हणतील. त्यांच्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं. सरळ सामान बांध. परसाकडची खोली रिकामी करून खाट लावून घेतली आहे. एवढंच कळव, त्यांना उशाला एक उशी लागते की दोन?