पोळ्याला आलेला गोलंदाज

आदिलाबाद,
भाद्रपद, शके १८५७

प्रिय चिंतामणी,

'प्रिय' लिहून मी जरा थांबले. हे पत्र वाचून झाल्यावर तुझ्या उत्तरात मला हा शब्द मिळेल की नाही, याची शंका आहे. शंका काढायची मला खोडच आहे, असं तू लहानपणापासून म्हणत आलास. दूध नासलं तरी ताई गवळ्याची उलटतपासणी घेईल, हे तुझंच बोलणं. घेते मी. आणि दहातल्या नऊ वेळा गवळ्यानेच पाणी घातलेलं असतं, हेही तुला ठाऊक आहे.

तुझ्या खेळाची गोष्ट लोक हैदराबादेपासून सांगतात. जागीरदारसाहेबांनी तुला शाळेच्या सामन्यात पाहिलं, आपल्या संघात घेतलं आणि जागिरीच्या कचेरीत नावापुरती नोकरी दिली. मी मात्र ती भैंशापासून सांगते. मामांच्या जिनात रुईच्या गाठी रचलेल्या असायच्या. त्यातली एक गाठ हेरून तिच्यावरच्या काळ्या शिक्क्यावर तू चिंध्यांचा चेंडू फेकत बसायचास. चेंडू उसवला की सुतळीने आवळून द्यायचं काम माझं. बॅट पुढे आली, तीही बैलगाडीच्या मोडक्या फळीची. म्हणून वर्तमानपत्रात तुला 'अष्टपैलू' म्हणतात तेव्हा मला गंमत वाटते. बाबांना तर तो शब्द अजून पटलेला नाही. "काऊन, त्यायच्याकडे माणसं कमी हायेत का? टाकायलेही हाच अन् मारायलेही हाच?" असं विचारतात, आणि मग तुझं नाव छापलेला कागद टोपीखाली घालून आपल्या तलमडुगु गावभर फिरतात. तुझा खरा जीव त्या टाकण्यात आहे, हे मला माहीत आहे. धावा काढून आलास की तू जेवायचास. बळी घेऊन आलास की तुला भूकच राहायची नाही.

माझा पहिला संशय गेल्या हिवाळ्यातला. तुझे दाजी कचेरीतून वर्तमानपत्रं आणतात. तिखट-मीठ बांधायच्या आधी ती मी वाचते. एका सामन्यात तुझ्या पन्नासच्या वर धावा, पण गोलंदाजीत नाव नाही. तुला विचारलं तर लिहिलंस, ताप होता. पुढच्या सामन्यात पुन्हा तेच. तेव्हा म्हणालास, बोट कापलं. तिसऱ्या वेळी कप्तानाची काहीतरी युक्ती होती म्हणे. खरं कारण असलं की ते एकच असतं रे. कारणं इतकी आली तेव्हाच मी मनात गाठ मारली की तू काहीतरी लपवतो आहेस. काय, ते मात्र मला चुकीचं सुचलं. मला वाटलं, तू तिकडे लग्न केलंस.

हसू नकोस. मी पोळ्याला माहेरी आले होते; तू मोटारीतून उतरलास तेव्हा अंगाला औषधी तेलाचा वास, आणि सदरा बंदांचा. तू, जो कॉलरीच्या शर्टाशिवाय गावात पाऊल टाकत नव्हतास! ट्रंक घ्यायला महिपत पुढे आला. आपल्याकडे इतकी वर्षं सालदार आहे तो, पण त्याला कधी तू ट्रंकेला हात लावू दिला नव्हतास. या खेपेला मुकाट दिलीस. मी म्हटलं, कुणीतरी याची बडदास्त ठेवणारी भेटलेली दिसते. जेवताना ताटावर इतका वाकत होतास की जणू माझी नजर चुकवतो आहेस. दोन दिवस मी माझ्या या नव्या वहिनीचं नाव काय असेल याचाच विचार करत होते, आणि ती पुरणात वेलदोडा घालणाऱ्यांपैकी आहे की जायफळ, याचाही.

मग खांदेमळणीची संध्याकाळ आली. वर्षभर ज्यांच्या खांद्यावर जू ठेवलं त्या बैलांचे खांदे घरच्या मुलानेच मळायचे, ही आपली रीत. हैदराबादेला गेल्यापासूनही तू ती कधी चुकवली नाहीस. यंदा तू गरम पाण्याने पहिल्या बैलाचा खांदा शेकलास, हळद-तूप चोळलंस, पण सगळं डाव्या हाताने. उजवा हात कमरेशी. दुसऱ्या बैलाशी आलास आणि तूप महिपतच्या हातात दिलंस. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," हेसुद्धा बैलांना त्यानेच म्हटलं. बाबांचा चेहरा काळवंडला. "साहेब झाला. बैलाले हात लावायची शरम वाटून राह्यली त्याले," एवढं म्हणून ते आत गेले आणि तू जाईपर्यंत तुझ्याशी बोलले नाहीत. तू तो आळ घेतलास. एक शब्दही उलट बोलला नाहीस. तुझ्यासारख्या तापट माणसाने गप्प बसावं, हेच मला खटकलं.

त्यानंतरचं बाबांनी पाहिलं नाही, मी गोठ्याच्या दाराशी उभी राहून पाहिलं. महिपतचा हात लागताच तांबडा बैल अंग चोरू लागला. तू पुढे झालास, त्याच्या खांद्यावर बोटं फिरवलीस आणि नेमक्या एका जागी थांबलास. "महिपतदादा, याले आता औताले जुपू नका. वरून काई दिसत नाई, पण आत दुखून राह्यलं त्याले. जुपला तं हा ओढीन, जनावर हाये, सांगनार नाई. अन् मंग कायमचा जाईन," असं तू म्हणालास. तसं म्हणताना तुझा डावा हात बैलाच्या खांद्यावरून निघून तुझ्या स्वतःच्या उजव्या खांद्यावर गेला होता. तुला ते कळलंही नाही. माझ्या मनातली वहिनी त्याच क्षणी नाहीशी झाली. ती असती तर बरं झालं असतं, असं मला फार वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तुला माळ्यावरचा डबा काढायला सांगितला. तू म्हणालास, पाय मुरगळलाय. बरं, म्हटलं. तुझ्या तोंडून खरं काढायला मला जमलं असतं, पण धीर झाला नाही.

परवा आमच्याकडे नरसिंगराव आले. तुमच्या संघाची व्यवस्था पाहणारे गृहस्थ, तूच त्यांच्याविषयी लिहिलं होतंस. हातात मिठाईची टोपली, तोंडात साखर. हैदराबादचा माणूस आदिलाबादेला सहज येत नाही, त्यामुळे मी दाराआड कान देऊन उभी. आधी वाटलं, त्यांच्या घरात लग्नाची मुलगी असावी. चहा झाला, पाऊस झाला, कापसाचा भाव झाला, आणि मग हळूच विषय निघाला. विलायतेच्या दौऱ्यासाठी मुंबईला चाचणीचे सामने आहेत, जागीरदारसाहेब तुझं नाव गोलंदाज म्हणूनच पाठवणार, दिवसदिवस टाकावं लागेल. बंधू पोळ्याला आले होते ना? तब्येत कशी वाटली? तुझ्या दाजींनी छाती फुगवून सांगितलं, एकदम ठणठणीत. नरसिंगराव हसले, पण उठले नाहीत. त्या माणसाला माझ्याइतकाच संशय होता.

आणि चिंतामणी, मी दाराआडून बाहेर आले. परक्या माणसासमोर, पदर सावरून, उभी राहिले. म्हटलं, त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. तुम्ही त्याला गोलंदाजी करायला लावाल आणि तो करेल, कारण तो नाही म्हणणार नाही. त्याचं नाव पाठवू नका. नरसिंगरावांनी हात जोडले आणि ते गेले. तुझे दाजी तेव्हापासून कचेरीतली वर्तमानपत्रं घरी आणत नाहीत. तुझी विलायत मी घालवली, हे मला कळतं. लहानपणापासून तू ज्याच्यासाठी जगलास ते तुला न विचारता मी एका वाक्यात मोडलं, आणि हे लिहिताना मला रडू येत आहे. पण तो हात तुला उरलेलं सगळं आयुष्य लागणार आहे. मुंबईहून नाव आलं नाही की घरातलंच कुणी बोललं हे तुला कळेल. मग तुला बाबा आठवतील, कारण ते रागात होते. महिपत आठवेल, कारण बैलापाशी तोच होता. म्हणून आधीच लिहिते आहे. बाबांना तर अजून काही माहीतच नाही. त्यांच्यावर नाही, महिपतवर नाही, तुझ्या दाजींवरही नाही, कुणावर संशय घेऊ नकोस. ती मी होते.

रागावलास तरीही तुझीच,
विनोदिनी