टबांच्या बंदरातली एकमेव बोट

४ जानेवारी
बोट पाण्यात उतरली. लांबी दहा मीटर शहाण्णव, रुंदी दोन मीटर दहा. तीनदा मोजली. बंदरातल्या बाकीच्या वस्तूंना मी बोटी म्हणत नाही. अकरा मीटरच्या पुढे लांबी गेली की परवान्याचे नियम बदलतात, म्हणून हे लोक लांबीऐवजी आडवे सुटलेत. इथला मच्छीमार ओद्मुन्द, त्याच्या वस्तूची रुंदी जवळपास पाच मीटर. तो टब आहे. टब पाणी कापत नाही, नुसता ढकलत बसतो आणि डिझेल पितो. जुन्या लोकांना हे कळत होतं, कारण त्यांना वल्ही मारावी लागत. म्युझियमच्या शेडमधल्या जुन्या लांब होडीची मापं मी स्वतः टेप लावून घेतली. बोटबांधणी कुठल्या शाळेत शिकलो नाही, म्हणूनच नीट शिकलो.
बायको गुन्वोर धक्क्यावर होती. म्हणाली, जुनी बोट विकून ही केलीस. कॉड माशाचा हा एक हंगाम देते तुला, नाही जमलं तर हीसुद्धा विकायची. म्हटलं, हंगाम संपेपर्यंत लोक बोटीचे नकाशे मागायला दारात उभे राहतील.

१९ जानेवारी, सकाळी ११
चाचणी उत्तम. सात नॉटच्या वेगाला तासाला चार लिटर. ओद्मुन्दचा टब अठरा पितो. मासळीघाटावरच्या कॉफीच्या खोलीत हे सर्वांना शांतपणे सांगितलं. तिसऱ्यांदा. ओद्मुन्द वॅफल खात होता. म्हणाला, मास्तर, बोट देखणी आहे, सुरीसारखी. पण सुरीवर उभं राहून मासे कसे धरायचे तेवढं शिकवा. सगळे हसले. अडाणी.
संकल्प: कॉफीच्या खोलीत पुन्हा पाऊल टाकणार नाही.

२० जानेवारी
कॉफीच्या खोलीत गेलो. हवामान बघायला.

२ फेब्रुवारी
कॉड खाडीत आला. पहिली फेरी. सोबत मेहुणा एलिफ. एक किरकोळ बाब: दोघं एका बाजूला उभे राहिलो की बोट कलते. दोष बोटीचा नाही. एलिफचं वजन एकशे अठरा किलो, माझं चौऱ्याहत्तर. उपाय: तो उजवीकडे, मी डावीकडे, माझ्या पायाशी चव्वेचाळीस किलो दगड. काट्यावर वजन करून. टबवाल्यांच्या डोक्यात हे कधी येणार नाही.

३ फेब्रुवारी
एलिफला नाश्त्याला काय खाल्लं ते विचारलं. म्हणाला, दाजी, हे आता माझी बायकोसुद्धा विचारत नाही. दोन किलो दगड वाढवले.

९ फेब्रुवारी
केबिनमध्ये नियम लावला: जागा सोडण्याआधी मोठ्याने सांगावे. एलिफ न सांगता थर्मासकडे वळला. थर्मास आणि माझा डावा हातमोजा समुद्रात. वर मलाच विचारतो, मोठा मासा लागला आणि तोल गेला तर आधी ओरडू का आधी पडू? आधी ओरडावं. साधी गोष्ट आहे.

२१ फेब्रुवारी
मासळी उदंड. आमची बोट सहाशे किलोंत भरली. रिकामी करून पुन्हा गेलो. बाराशे किलो, चोवीस लिटर. ओद्मुन्दने एकाच फेरीत साडेचार टन आणले, चोपन्न लिटरमध्ये. एलिफने किलोमागे डिझेल किती ते बोटांवर काढून दाखवलं. अशी दुकानदारी मला चालत नाही. बोट लिटरने जोखावी.
एलिफ घाटावर टबाच्या माणसांशी बराच वेळ बोलत होता. मत्सर दिसला. त्यांचा.

२ मार्च
नवा विचार. जास्तीचं डिझेल म्हणजे फुकट वजन. पन्नास लिटर म्हणजे बेचाळीस किलो. ते डिझेल जाळून डिझेलच वाहून न्यायचं? आजपासून फेरीला बारा लिटर, वर दोन राखीव, कारण मी सावध माणूस आहे. एलिफ म्हणाला, दाजी, टाकी भरा ना, माझ्या पैशांनी भरा. याला मोजमाप शिकवण्यात अर्थ नाही.

६ मार्च, सायंकाळी ५
वाऱ्याने वेळापत्रक पाळलं नाही. परतताना समोरून लाटा. बंदराच्या अलीकडे दोन मैलांवर इंजिन बंद पडलं. बिघाड काहीही नाही, टाकी रिकामी होती. मी वाऱ्याचा जोर मोजत होतो, तेवढ्यात एलिफने माझ्या हातातला रेडिओ हिसकावला. आला कोण, तर ओद्मुन्द. रेडिओवर म्हणाला, मास्तर, दोर बांधा, सावकाश ओढतो, घाबरू नका. मी घाबरलो नव्हतो. मी वाकून बसलो होतो.
टब जवळ येताच एलिफ त्यावर चढला. मोठ्याने न सांगता. उजवीकडचे एकशे अठरा किलो गेले, दगड राहिले. टबावरचे चारही जण कठड्याशी उभे असताना मला सगळे दगड एकेक करून समुद्रात टाकावे लागले. कोणीतरी मोजत होतं.
शेवटच्या दोन मैलांचं डिझेल: शून्य. हे कुठल्याही टबाला जमलेलं नाही.

१३ मार्च
एलिफ आता ओद्मुन्दच्या टबावर कामाला. एकट्याने ही बोट नेता येत नाही. दुसऱ्या बाजूला माणूस लागतोच. गुन्वोरने बोट विकायची जाहिरात दिली. एका हॉटेलवाल्याचा फोन आला, बोट दारात ठेवून आत फुलं लावायची म्हणतो. मी फक्त मापं सांगितली. रुंदी ऐकल्यावर म्हणाला, जरा अरुंद होते.

१८ मार्च
ओद्मुन्दला मासे साफ करायला माणूस हवा होता. टबाचा आतून अभ्यास करण्याची संधी म्हणून होकार दिला. गुन्वोर म्हणाली, अभ्यास कर, पण हात चालव.

१९ मार्च, रात्री ८
वारा कालच्यापेक्षा जास्त. चार टन. दुपारी टबावरच्या झोपायच्या फळीवर जरा टेकलो तर तासभर गाढ झोप लागली. एलिफने उठवलं, म्हणाला, दाजी, जेवण थंड होतंय. कॉड, कलेजी, बटाटे. दोनदा घेतलं. घरी आल्यावर लक्षात आलं, डिझेल मोजायचं राहून गेलं.