दार कोण उघडणार

चामराजपेट, जून १९९६

चि. पुरुषोत्तम यास आशीर्वाद.

तुझ्या कस्तुरीला लेखन शिकायचं आहे. तिनं निवडलेलं विद्यापीठ बघायला काल मीही गेलो. तिथं मुलं गोल करून बसतात, एकजण कथा वाचतो आणि सगळे मिळून ती सुधारतात. पोरीला हसतील, ही मला धास्ती.

एका मुलाच्या कथेत घर सोडून गेलेला बाप परत येऊन दार वाजवतो. मुलगी उघडत नाही.

"का रे उघडत नाही?" एकीनं विचारलं.

"माझी कथा, माझी मर्जी!"

सगळे हसले. तेवढ्यात कस्तुरी म्हणाली, "तिला उघडायचंय. पण आत आजोबा बसलेत. त्यांना वाईट वाटेल."

"अगं, माझ्या कथेत आजोबा नाहीतच! पण सरी, ठीक आहे, घालतो."

तू घर सोडून गेल्यापासून आठ वर्षांत तिनं बापाचं, तुझं, नाव काढलं नाही. मला वाटलं, विसरली.

बसमध्ये म्हणाली, "आजोबा, इथंच प्रवेश घेते हं." मी म्हटलं, घे.

सोमवारी ती मुलं मिळून त्या कथेचा शेवट ठरवणार आहेत. तिलाही बोलावलंय. हे पत्र पेटीत टाकायचा धीर होत नाही. तू खरंच आलास, तर दार तीच उघडेल.

तुझा,
बाबा