डॉर्कस, गुडघा आणि उंबरठा

ती. हेप्झिबाताईस,

धाकट्या एनॉकचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे साष्टांग हल्ली कागदावरच जमतो.) तुझा दमा काय म्हणतो? विटांच्या उबदार घरात राहून तुला दमा व्हावा, आणि मी चौऱ्याहत्तर वर्षं कालव्याच्या ओलीत काढून ठणठणीत असावं, यावर जरा विचार कर. इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे डॉर्कस बुडाली नाही. थोडक्यात राहिली, ते पुढे येईलच.

बोट विकायला काढली असं मी कळवलं, तेव्हा तुझं एका शब्दाचं उत्तर आलं, "अखेर!" ज्या बोटीत आपण दोघं जन्मलो, तिच्याविषयी हे! अगं, त्या सात फूट रुंदीच्या बाईने काय काय सोसलंय. बाबांच्या वेळी पंचवीस टन कोळसा वाहिला. मग ती विकत घेणाऱ्या त्या शाळामास्तरने तिला गुलाबी रंग फासून कोळशाच्या जागी पियानो ठेवला. (पियानो बेसूर होता. मास्तरही.) मग लग्नानंतर मॉडने आणि मी तिला परत आणलं, खरवडून खरवडून गुलाबी काढलं, कालव्यावरच्या रिवाजाप्रमाणे दारांवर पुन्हा गुलाब नि किल्ले रंगवले. मॉड गेल्यापासून आम्ही दोघंच, म्हणजे मी आणि डॉर्कस. तेव्हा ती अशी कोणाच्याही गळ्यात बांधायची नाही, हे मी ठरवलं होतं.

गिऱ्हाईक आलं ते शहरातलं जोडपं. टॅम्सिन आणि रूपर्ट. ओटचं दूध पितात. (ओटला आचळं कुठे असतात, हे विचारलं तर हसले.) मी अट घातली. तीन दिवस माझ्यासोबत बोट चालवायची, आणि ज्याच्या हातून डॉर्कसला धोका होईल, त्याचा तिच्यावरचा हक्क संपला. कागदावर सह्या केल्या. खरं सांगतो, पहिल्याच लॉकमध्ये, त्या दोन दारांमधल्या हौदात पाणी भरून-सोडून बोट चढवता-उतरवताना, ही पोरं गटांगळ्या खातील आणि माझी बोट माझ्याकडे राहील, अशी माझी खात्री होती.

पण मेले काही केल्या चूक करेनात! पोरगी लॉकच्या झडपा फिरवायची किल्ली कमरेला खोचून काठाने धावायची, उतरलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून झडपा आठवणीने बंद करायची. पोरगा सुकाणू असं हलकं धरायचा की मला बाबांची आठवण आली, आणि त्याचाच जास्त राग आला. दोन दिवस मी पितळेवरचे डाग नि चहाचा रंग सोडून कशालाच नावं ठेवू शकलो नाही.

तिसऱ्या दिवशी शेवटचं लॉक. माझा धीर सुटला. "सर बाजूला," मी रूपर्टला म्हणालो, "असं नसतं धरायचं." सुकाणू घेतलं आणि त्याला उंबरठ्याचा धडा द्यायला लागलो. तोच गं, बाबा आपल्याकडून जेवणाआधी प्रार्थनेसारखा म्हणवून घ्यायचे तो. लॉकच्या वरच्या दाराखाली दगडी उंबरठा. उतरताना बोटीची शेपटी त्यावर राहिली तर पाणी खाली जातं, नाक खाली जातं, शेपटी मात्र टांगलेली, आणि बोट गेली. हे मी अगदी रंगात येऊन सांगत होतो. सांगता सांगता मला जाणवलं की आपण उतारावर उभे आहोत. आत कपबश्या, किटली, मॉडचा फोटो आणि अख्खं पुडिंग नाकाकडे निघालं होतं.

डॉर्कसची शेपटी उंबरठ्यावर होती. ताई, मी सुकाणू तसंच धरून उभा. रूपर्ट ओरडला, "टॅम्स, खालची झडप पाड!" पण ती त्याच्या आधीच पाडून वरच्या दाराकडे धावत सुटली होती. वरून पाणी आत घेतलं, बोट हळूहळू सरळ झाली. मग ती काठावर मटकन बसली आणि रडायला लागली. मला वाटलं आता शिव्या घालेल. तर म्हणते कशी, "आजोबा, तुम्हाला लागलं नाही ना?"

अट माझीच, सही माझीच. "ती अट राहू द्या हो," रूपर्ट म्हणाला. मी म्हटलं, आमच्या घराण्यात शब्द फिरवत नाहीत. बोटीचा कागद त्यांच्या हवाली केला. बोटीचं नाव मात्र बदलणार नाहीत, तेवढं कबूल केलंय.

तुझा (हट्टी, पण शब्दाला पक्का)
एनॉक

ता. क. तुझ्या मागच्या खोलीत अजून शिवणयंत्रच आहे का? गुडघा बरा होईपर्यंतच म्हणतोय. गुरुवारी चहाच्या वेळी पोरं मला तुझ्या बागेमागच्या पुलाशी सोडतील. भोंगा वाजला की ये, आणि येताना "अखेर" म्हणू नकोस.

आणखी ता. क. गुडघ्याला काहीही झालेलं नाही. उंबरठा मी यंदा तिसऱ्यांदा विसरलो. आधीच्या दोन्ही वेळी एकटा होतो. कसा वाचलो ते आठवत नाही. म्हणून बोट विकायला काढली. हे पोरांना सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. खोली कालव्याच्या बाजूचीच दे. आणि मी किटली चुलीवर ठेवली, तर तू जरा जवळपास राहा.