कोरीनचे हलके रिव्हॉल्व्हर

ग्रेटा दार आपटून बाहेर गेली आहे. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला नाही, म्हणजे पायरीवर बसली असेल. मी पुढे लिहिते.

मी, ऑर्पा लिंडक्विस्ट, वेंडेलची विधवा, वय चौऱ्याहत्तर, राहणार कॉटनवुड बेंड, मोंटाना, हे राजीखुशीने लिहून ठेवते. अक्षर वाकडे येते ते संधिवाताने. डोके ठिकाणावर आहे.

घर, गवताचे कुरण आणि बँकेत असेल ते माझी धाकटी मुलगी ग्रेटा हिला.

दीर एल्विन याला वेंडेलचे मासेमारीचे सामान. मात्र आधी त्याने आपल्या बंदुकांच्या दुकानातली ‘खास महिलांसाठी’ ही पाटी उतरवावी. त्या पाटीखालूनच वेंडेलने आमच्या थोरल्या कोरीनसाठी रिव्हॉल्व्हर घेतले होते. "पर्समध्ये मावेल, वहिनी. पिसासारखं आहे," एल्विन म्हणाला होता. हलके रिव्हॉल्व्हर गोळी झाडताना हाताला जास्त धक्का देते, हे दोघाही भावांना ठाऊक होते. बाईच्या हातात लहान वस्तू शोभते, एवढेच त्यांनी पाहिले. पहिल्याच सरावात कोरीनचा तळहात सुजला. "होईल सवय, पोरी," वेंडेल म्हणाला. तिने ते टॉवेलांखाली ठेवून दिले. तिने सोडलेला नवरा दार फोडून आत आला तेव्हाही ते तिथेच होते. कोरीन वाचली नाही. त्या माणसाचे नाव मी या कागदावर येऊ देणार नाही. वेंडेल पुन्हा भावाच्या दुकानात गेला नाही. दोन हिवाळ्यांनी तोही वारला.

वेंडेलचे जड पोलादी रिव्हॉल्व्हर, चामडी म्यानासह, ग्रेटाला. त्याचे वजनच धक्का गिळते. अट एकच: कोरीनचे हलके तिने आधी माझ्या हवाली करावे. मी ते लोहाराकडून कापून घेईन. ग्रेटा जनावरांची डॉक्टर आहे, लांबलांबच्या गोठ्यांवर एकटी जाते, आणि पर्समध्ये तेच बाळगते. भांडण झाले ते यावरून.

"आई, ते ताईचं आहे."

"म्हणूनच दे."

"आणि बाबांचं हे धूड कमरेला लावून व्यायला आलेल्या गायीपाशी वाकू कशी?"

"गायीला सांग, आईनं दिलंय."

ती हसली नाही.

सही: ऑर्पा लिंडक्विस्ट
आमच्या डोळ्यांदेखत सही झाली: होमर टेबर, शेजारी, आयरिस बोमन, टपाल वाटणारी
कॉटनवुड बेंड, १४ ऑक्टोबर २०१९

दुसऱ्या दिवशी सकाळी, माझ्याच हाताने:

ग्रेटाने हलके रिव्हॉल्व्हर टेबलावर आणून ठेवले. मी उघडून पाहिले. रिकामे होते. तपासानंतर शेरीफने परत दिल्यापासून तिने ते कधी भरलेच नव्हते. न्याहारीनंतर आम्ही कुरणामागच्या टेकाडापाशी गेलो आणि नेमासाठी कॉफीचा रिकामा डबा ठेवला. जड रिव्हॉल्व्हर मी भरून तिच्या हातात दिले. तिच्या आधीच्या गोळ्या मातीत गेल्या. शेवटची डब्याला लागली.