तुझ्या काखेपर्यंतचा खड्डा

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा कुदळ बाजूला ठेवून, हात धुऊन केलेला नमस्कार. (हात धुतलेत यावर तुझा विश्वास बसणार नाही. कागदावरचे डाग ढब्बूच्या पंजांचे आहेत.) इकडे सगळे खुशाल. आईचे गुडघे अधूनमधून तुझी आठवण काढतात, बाकीची आई दिवसभर काढते. वहिनींना नमस्कार, आणि तुझ्या सासऱ्यांनाही. त्यांच्या रंगाच्या दुकानात तुला बसायला खुर्ची आहे, वर पंखा आहे, हे आईचं अख्ख्या गल्लीला सांगून झालंय. कायमचं तिथेच राहायचं का, ते त्यांना महिनाअखेर सांगायचंय म्हणतोस. तू खुशाल राहा. तुझ्यावाचून इकडे काही अडलेलं नाही, हेच कळवायला पत्र लिहितोय.

तू निघालास त्या दिवसापासून ढब्बूने, तुझ्या या लाडक्या कुत्र्याने, उंबऱ्यावर ठाण मांडलं. खाणं नाही, भुंकणं नाही, मांजर समोरून शेपटी वर करून गेलं तरी ढिम्म. शेवटी आई म्हणाली, "घेऊन जा रे याला कामावर, नाहीतर मीही त्याच्याशेजारी जाऊन बसेन." म्हणून नेला. पहिल्याच दिवशी त्याने मुकादमाची डावी चप्पल पुरून टाकली. मी एका बाजूने माती काढायचो, तो दुसऱ्या बाजूने मन लावून ती आत लोटायचा. दुपारपर्यंत आम्ही दोघांनी मिळून जेवढं खणलं तेवढंच बुजवलं. मुकादम म्हणाला, तुझ्या भावापेक्षा बरा आहे, निदान उलट तरी बोलत नाही. (चप्पल कुठे आहे ते मी त्याला दोन दिवस सांगितलं नाही.)

आता खड्ड्यांचं. विजेच्या खांबाच्या खड्ड्याला आपण कधी माप लावलं नाही, तुला ठाऊकच आहे. तू आत उतरायचास, काठ तुझ्या काखेला लागला की म्हणायचास, "झाला," की झाला. तू गेलास तो ती काख घेऊन गेलास. मग मी स्वतःच आत उतरायला लागलो. माझ्या काखेला काठ लागला की मीच म्हणायचो, "झाला," आणि खरं सांगतो, दादा, ते म्हणताना छाती फुगायची. पण मी तुझ्यापेक्षा वीतभर बुटका, हे साफ विसरलो. (लहानपणी तू रोज आठवण करून द्यायचास, तेव्हा लक्षात असायचं.) नऊ खांब उभे राहिले, आणि तारवाला वर चढून खाली ओरडला की तुमच्या जुन्या खांबांत आणि या नव्यांत पायरी पडलीय. नऊच्या नऊ पुन्हा खणले.

मग मी ढब्बूला मापाला लावलं. हसू नकोस. तू खणलेला शेवटचा खड्डा अजून रिकामा होता, त्यात त्याला उतरवून पाहिलं. कितीही उडी मारली तरी त्याचे पंजे काठाच्या बोटभर खालीच राहायचे. म्हणजे काम सोपं झालं: पंजे काठाला लागले तर खणत राहायचं, नाही लागले तर झाला. (नवीन खड्ड्यात तो उतरायला तयार नसायचा, त्यासाठी एक युक्ती काढावी लागली. ती शेवटी सांगतो.) दोन दिवस इतकं झकास चाललं की मुकादमालाही नाव ठेवायला जागा सापडेना. तिसऱ्या दिवशी ढब्बू आत उतरला आणि बसूनच राहिला. उडी नाही, धडपड नाही. पंजे काही काठाला लागले नाहीत, म्हणून मी म्हटलं, "झाला." असे पाच खड्डे झाले, सगळे कमरेएवढे. चौथ्या दिवशी त्यातला एक खांब सावकाश, अजिबात घाई न करता, न्हाव्याच्या दुकानाच्या पाटीवर जाऊन टेकला. कोणाला लागलं नाही. ज्याची दाढी चालली होती त्याने अर्ध्या साबणानिशी धूम ठोकली, एवढंच.

मुकादमाने मला गाठून सांगितलं, सोमवारपासून टेप, नाहीतर दुसरं काम बघ. टेप त्याने तू गेलास त्याच आठवड्यात देऊन ठेवली होती. मी ती डब्याच्या पिशवीत पार तळाशी घातली होती. टेप लावायची म्हणजे तू पुन्हा खड्ड्यात उतरणार नाहीस हे मान्य करायचं, आणि ते काही माझ्या हातून होईना. असो. तुला पटेल तसं ठरव. आमच्याकडे बघू नकोस.

तुझा
वीतभर बुटका भाऊ

ता. क. युक्ती सांगायची राहिलीच. खुंटीवर तुझा कामाचा निळा शर्ट आहे, आई तो कोणाला धुवू देत नाही. तो मी खड्ड्यात टाकायचो, की ढब्बू त्याच्या मागोमाग आत. पहिले दोन दिवस तो शर्टाखाली तुला शोधायचा, आणि तू नाहीस म्हटल्यावर बाहेर यायला धडपडायचा. तिसऱ्या दिवशी बहुतेक त्याने ठरवलं, जेवढा आहे तेवढा दादा पुरे. शर्टावर डोकं ठेवून झोपला. मला हे त्या पाचांतल्या पहिल्याच खड्ड्यात दिसलं होतं. तरी मी "झाला" म्हटलं, कारण त्याला उठवायचं जिवावर आलं.

पुन्हा ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं आणि सोमवार उजाडला. आज टेप लावली. खड्डा चोख आला, तारवाल्यानेही मान डोलावली. म्हणजे कामाला तू लागत नाहीस, हे ठरलं. तरी ये.

आणि यायचं जमणारच नसेल तर तुझे वापरलेले शर्ट पाठव. वहिनींना म्हणावं, धुवू नका. जुन्याला आता नुसता मातीचा वास येतो. दोन पाठव. ढब्बूला एक पुरेल.